आईचं नाव टाका

मला दोन नावं आहेत. एक वडिलांनी ठेवलेलं, एक सासूबाईंनी. दोन्ही मी इथं लिहिणार नाही. पहिलं लिहिलं तर आमच्या घरात दोघींना एकदम उचकी लागेल. ते कसं, ते आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा गोंधळ कळेल.

आमचं लग्न लातूरकडच्या एका खेड्यात झालं. आमच्याकडे नवरी उंबरठा ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. कुणाकुणाचं जुनंच नाव राहू देतात. माझंही राहिलं असतं, पण माझं माहेरचं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. सोयरीक जमताना हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण माहेरी मला लहानथोर सगळे अक्का म्हणायचे, आणि सासूबाईंना त्यांच्या गावात सगळे मोठी बाई. लग्नपत्रिका छापून आली तेव्हा कुठं सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

"एका घरात एका नावाच्या दोघी कशा नांदायच्या?" सासूबाई म्हणाल्या. "हाक मारली की दोघीबी ओ देणार."

सगळे हसले. मी पदराआड मान खाली घालून बसले होते. मला फक्त ताट दिसत होतं आणि नवऱ्याचा हात. त्या हातानं एकदा तांदूळ सारखे केले, मग सासूबाईंनी सांगितलेलं नाव लिहिलं. झालं. माझं नाव माहेरच्या कोनाड्यात राहिलं आणि मी नवं नाव घेऊन भाकरी थापायला बसले.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सासूचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत. म्हणजे माझं स्वतःचं नाव मलाच उच्चारायची चोरी! कुणी विचारलं, माहेरचं नाव काय गं, तर मी हसून म्हणायची, अक्का. पोरीनं लहानपणी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, आणि तिला तेच खरं वाटत राहिलं. मंडईत कुणी त्या नावानं दुसऱ्याच बाईला हाक मारली की माझी मान मात्र वळायची. मग मी उगाच कोथिंबिरीचा भाव विचारायची.

नवऱ्याला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही दापोडीला आलो. रेल्वेच्या अंगाला असलेल्या गल्लीत दोन खोल्या. गाडी गेली की मांडणीतली ताटं वाजतात, त्याची इतकी सवय झालीय की संपाच्या दिवशी झोप लागत नाही. मी डबे करते. आमच्याकडचीच, मराठवाड्यातली पोरं कंपन्यांत कामाला आहेत, त्यांना घरची चव लागते. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. भाजी निवडायचं खातं त्यांनी स्वतःहून घेतलं आणि माझ्या चुका काढायचं खातं तर त्यांच्याकडे आधीपासून होतंच.

आणि लेक. एकुलती एक. चिंचवडच्या कॉलेजात बी.एससी.ला, रसायनशास्त्र घेऊन. घरात शिरताना तिच्या अंगाला प्रयोगशाळेचा वास यायचा. सासूबाई नाक मुरडायच्या, "पोरगी शिकतीय का औषध मारतीय?" मला तो वास आवडायचा. माझ्या अंगाला कायम फोडणीचा वास, घरात एकीच्या तरी अंगाला दुसरा कसला असू दे.

तिच्या पहिल्या वर्षाच्या निकालाला मी सोबत गेले होते. तेव्हा निकाल बोर्डावर लावायचे, काचेच्या आत. ही गर्दी! पोरं एकमेकांच्या खांद्यावरून बोटं फिरवायची. कुणी किंकाळी फोडायचं, कुणी गुपचूप मागं सरकून पार्किंगकडं चालू लागायचं. एक पोरगी काचेला कपाळ टेकवून तशीच उभी होती, तिच्या मैत्रिणी तिच्या पाठीवर हात ठेवून होत्या. मला वाटलं, हे असं चारचौघांत कशाला? पास-नापास ही माणसाची घरची गोष्ट. ती घरात, आईच्या समोर कळावी.

तर यंदा तसंच झालं. कॉलेजनं निकाल फोनवर आणला. नवीन पोर्टल काढलं. त्यात सीट नंबर टाकायचा, खाली आईचं नाव टाकायचं, की निकाल उघडणार. लेकीनं मला दाखवलं तेव्हा मी खूश झाले. म्हटलं, बघा, सगळीकडे बापाचं नाव लागतं, निकालाच्या कुलपाला मात्र आईचं!

नोंदणीची लिंक आली ती मात्र आमच्या ह्यांच्या फोनवर, कारण प्रवेशाच्या वेळी नंबर त्यांचा दिला होता. ह्यांनी ती कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या भरली. घरी आल्यावर म्हणाले, "झालं ते भरून." आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे एवढंच. कुणी विचारलं नाही काय भरलं. विचारायचं काय त्यात? पोरीचा नंबर, पोरीचं नाव, आईचं नाव.

निकालाच्या आधीच्या आठवड्यात लेकीची चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत निवड झाली. गाड्यांना रंग देतात ना, तो रंग तपासायची प्रयोगशाळा असते, तिथं. मुलाखतीत पास झाली, पण अट घातली होती. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत पोर्टलवरून उतरवून मेलवर पाठवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बॅच कामावर रुजू होणार. ज्याचा निकाल आला नाही त्याची जागा मागच्या नंबरवाल्याला. नोकरीसाठी दारोदार फिरणारी पोरं आमच्या डब्यांच्या यादीत मी रोज बघते, त्यामुळं ती अट मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतली होती. त्यात भौतिकशास्त्राचा एक पेपर तिला जड गेला होता. परीक्षेवरून आली ती चप्पल न काढताच मोरीत जाऊन रडली होती.

निकालाच्या दिवशी सकाळचे डबे गेले, मी कणकेची परात धुवायला घेतली, तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, लागला!"

मी हात पुसत आत गेले. लेक पलंगावर मांडी घालून, फोन मांडीवर. सासूबाई दारात मेथी निवडत बसलेल्या. लेकीनं नंबर टाकला, माझं नाव टाकलं, म्हणजे सासरचं, आणि डोळे मिटून बटण दाबलं. फोनवर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय.

"माहिती जुळत नाही," तिनं वाचलं.

"म्हणजे नापास का?" सासूबाईंनी तिकडून विचारलं.

"अहो आई, तोंडाला काही आवर!" मी म्हटलं.

लेकीला वाटलं, पप्पांनी इंग्रजीत स्पेलिंग वेगळं लिहिलं असेल. तिनं एक अक्षर जास्तीचं टाकून बघितलं. पुन्हा तेच. आणि आता खाली तांबड्या अक्षरांत नवी ओळ आली, की एकच संधी शिल्लक आहे, चुकली तर खातं उद्यापर्यंत बंद.

उद्यापर्यंत! उद्या सकाळी बॅच रुजू होणार आणि पोर्टलवरचं खातं उद्यापर्यंत बंद. मला त्या पोर्टलचा असा राग आला की समोर माणूस असता तर लाटणंच घेतलं असतं.

"पप्पांना फोन कर," मी म्हटलं.

"आई, पप्पांचा फोन गेटवर असतो."

खरंच की. त्यांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत. सकाळी गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. आणि शिफ्ट सुटते साडेतीनला. लेकीनं शोधून गेटचा नंबर लावला. सिक्युरिटीवाला म्हणाला, घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय का? लेक म्हणाली, नाही, माझा निकाल आहे. तो म्हणाला, ताई, लाइन चालू आहे, निकालासाठी माणूस बाहेर काढता येत नाही, अभिनंदन मात्र माझ्याकडून. तो चांगल्या मनानंच म्हणाला असेल, पण लेकीचा चेहरा बघवेना.

कॉलेजचा फोन एंगेज. लागला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, भरलेलं नाव बदलायचं असेल तर नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जाईल. नोंदवलेला नंबर लॉकरमध्ये! प्रत्यक्ष या, अर्ज द्या, दोन दिवसांत दुरुस्त करून देऊ. तेही त्या गोड बोलून म्हणाल्या. सगळं जग त्या दिवशी गोड बोलत होतं आणि आमचं काम कुणाच्याच हातात नव्हतं.

इकडं तिच्या वर्गाच्या ग्रुपवर धडाधड निकाल पडायला लागले. टाळ्या, हार, पेढ्यांची चित्रं. ती एकेक उघडून बघायची आणि उलटा करून फोन खाली ठेवायची. मग पुन्हा उचलायची. मला ते काचेला कपाळ टेकवलेलं पोर आठवलं. तिच्या पाठीवर निदान मैत्रिणींचे हात होते. माझी पोरगी घरात एकटी पडली होती, आणि मीच म्हटलं होतं की निकाल घरात कळावा.

"आई, एकच चान्स आहे," ती म्हणाली. "पप्पांनी काय टाकलं असेल? तुला काहीच कसं माहीत नाही?"

ते लागलं मला. पण पोरीवर काय रागवायचं? मी तिच्या शेजारी बसले. ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. बसमध्ये खिडकीशी बसलेत, चष्मा कपाळावर चढवलाय, एका बोटानं टाइप करतायत. समोर रकाना आलाय, आईचं नाव टाका. काय टाकलं असेल ह्या बाबानं?

आणि मला ते नाव सुचलं. का सुचलं, आजही नीट सांगता येत नाही. चुकलं तर पोरीची नोकरी जाणार, ही तर भीती होतीच. पण खरं सांगते, आणखी एक भीती होती. चुकलं तर मला कळणार होतं की ह्या घरात ते नाव आता कुणालाच आठवत नाही. तोवर निदान मला काही माहीत नव्हतं.

लेक पुटपुटली, "तुझं नाव आणि पुढं आडनाव असं टाकते." तिचं बोट फोनवर टेकलंसुद्धा.

"थांब," मी म्हटलं. आणि मी ते नाव उच्चारलं. मोठ्यानं, स्पष्ट, सासूबाईंच्या देखत. लग्नानंतर पहिल्यांदा.

दारात मेथीची काडी मोडायचा आवाज थांबला.

"आजीचं?" लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, बरोबर! पप्पांनी स्वतःच्या आईचं टाकलं असणार! बसमध्ये घाईत वाचलं असेल, आईचं नाव, दिलं आपल्या आईचं ठोकून. असलं पप्पाच करू जाणे!"

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. लेकीनं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं, आणि तिचा अंगठा बटणावर थांबला. मी तिचा दुसरा हात धरला.

गोल फिरलं. गाडी गेली, मांडणीतली ताटं वाजली. आणि उघडलं.

ती आधी ओरडलीच नाही. बोट वरून खाली नेलं, एकेका विषयावरून, आणि भौतिकशास्त्रावर थांबलं. मग माझ्या गळ्यात पडून अशी रडायला लागली की मला वाटलं, गेलं. "अगं काय झालं ते तरी सांग!" मी तिला हलवलं. "पास," ती म्हणाली. "आई, पास. सगळ्यात. फर्स्ट क्लास."

मग कसली कणीक आणि कसली परात. मी तिचं तोंड हातात धरून किती वेळा मुके घेतले माझं मला माहीत नाही. तिनं निकाल उतरवून कंपनीला मेल केला, तीन वाजायला अजून वेळ होता. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं, मिळालं, उद्या सकाळी या. तेव्हा कुठं मी खाली बसले.

सासूबाई मेथी बाजूला सारून उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत आत आल्या, नातीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडं वळल्या.

"सासूचं नाव घेतीस व्हय गं?" आवाज चढवलेला, पण डोळे हसत होते. "घे, घे. माझ्याच नावानं कुलूप निघालं की! बघितलंस? आई म्हणलं की माझ्या लेकाला मीच दिसते."

आणि त्यांनी मग ते गल्लीभर केलं. शेजारीण आली, तिला सांगितलं. भंगारवाला आला, त्यालासुद्धा सांगितलं. नात पास झाली माझ्या नावावर! मी हसत होते आणि आतून धुमसत होते. कारण पोरगी पास झाली, नोकरी वाचली, आता डोकं मोकळं झालं होतं, आणि त्या मोकळ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. कुणाचं नाव लिहिलं ह्या माणसानं? ह्यांच्या आईचं, की माझ्या पोरीच्या आईचं? पोटात मी वाढवली, तापात मी उशाशी बसले, डबे करून फी मी भरली, आणि आईचं नाव टाका म्हटल्यावर ह्यांना चाकणच्या रस्त्यात ह्यांची आई आठवावी? येऊ दे घरी, म्हटलं. बघतेच.

पण घरी सासूबाई होत्या, लेक होती. तिथं विचारायची सोय नव्हती. म्हणून पेढे आणायचं निमित्त करून मी बाहेर पडले आणि हायवेला जिथं कंपनीची बस सोडते, तिथं मेट्रोच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले.

बस आली. हे उतरले, हातात रिकामा डबा. मला तिथं बघून चेहरा पांढरा पडला. "काय झालं? निकाल?"

"पास झाली. फर्स्ट क्लास. उद्या कामावर जायचंय तिला."

ह्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेजारून माणसं धक्के मारत चालली होती. मला दया आली, पण मी ठरवून आले होते.

"अहो, त्या पोर्टलमध्ये आईचं नाव काय टाकलं होतं?"

"कामून? उघडलं न्हाई का?"

"उघडलं. कुणाचं टाकलं ते सांगा."

"आईचं इचारलं होतं. आईचं टाकलं."

"कुणाच्या आईचं?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय, असं ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोरीच्या. निकाल पोरीचा हाय, का माझा हाय?"

मी तरीही विचारलं, "मग तुमच्या आईंनी ठेवलेलं नाव का नाही टाकलं? सगळीकडे तेच तर चालतं."

"ते माझ्या तोंडात बसलंच न्हाई कधी," हे म्हणाले. "त्या नावानं तुला कधी हाक मारली का मी? आठव बरं."

मी आठवलं. अगं. ए. ऐकलंस का. पोरीची आई. खरंच, एकदासुद्धा नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, आमच्याकडची रीतच आहे, नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही.

"तांदळात पहिलं अक्षर मी तुझंच काढलं होतं," हे रस्त्याकडं बघत म्हणाले. "आई म्हणली, पूस. पुसलं. ह्या वेळेला फोनवर तो रकाना आला, बसमध्ये समदे झोपले होते. पूस म्हणायला कुणी न्हवतं."

मी भर रस्त्यात रडले. लाज नाही, काही नाही. रडता रडता ह्यांच्यावर ओरडलेसुद्धा, "हे आधी सांगायचं नाही होय? पोरीचा जीव टांगणीला लागला होता! एका अक्षरानं तोंड उघडाल तर शपथ!" हे नुसते हसत उभे राहिले. मग आम्ही पेढे घेतले आणि गल्लीत शिरेपर्यंत मी तोंड पुसून कोरडं केलं.

उंबऱ्यात सासूबाई वाटच बघत होत्या. "ये रे माझ्या वाघा," म्हणत त्यांनी लेकाच्या तोंडात पेढा कोंबला. "आईचं नाव काढलंस!" हे माझ्याकडं बघायला लागले. मी डोळ्यांनीच गप्प केलं. म्हाताऱ्या माणसाचा एवढा आनंद, तो कशाला मोडायचा? माझं मला कळलं होतं, तेवढं मला बास होतं. निदान त्या संध्याकाळी तसं वाटत होतं.

सकाळी घरात एकच धांदल. लेक नवा ड्रेस घालून बसलेली, केसांना क्लिपा लावत. मी कणीक मळत होते, तिचाही डबा आता माझ्या डब्यांत आला होता. हे चहा पीत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"कॉलेजचा मेसेज आहे," ती म्हणाली. "पदवीवर आईचं नाव छापून येणार आहे. चुकलं असेल तर आज दुरुस्त करा. बरं झालं बाई! पप्पा, मी तुमची करामत दुरुस्त करून टाकते. आजीचं काढते, आईचं घालते."

माझे हात कणकेत थांबले. ह्यांनी कप खाली ठेवला. दोघांनाही माहीत होतं. बोललो असतो तर सासूबाईंचा कालचा सगळा दिवस खोटा पडला असता. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे. एकदा तांदळात पुसलं, आता इथं पुसलं जाईल, तेवढंच.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात चहाची बशी. "ते तुझ्या आईचंच नाव हाय. तिच्या बापानं ठेवलेलं."

लेक बघतच राहिली. "आईचं? मग अक्का?"

"अक्का समदे लाडानं म्हणत्यात. नाव ते हाय. मी पुसाय लावलं होतं." बशी खाली ठेवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काल मी उगं मिरवलं. माझं लेकरू हाय ते, मला कळत न्हाई व्हय, त्यानं कुणाचं लिवलंय?"

हे खाली मान घालून बसले होते. मी म्हटलं, "आई, असू द्या. तुमचंही तेच आहे."

"माझं काय?" त्या म्हणाल्या. "मला आता कोण नावानं हाक मारतंय गं? मारणारे समदे गेले. हिची मी आजी, तुझी मी आई, गल्लीत मी म्हातारी. ते नाव घरात नुसतं पडून हाय. वापर की."

मग त्यांनी लेकीकडं बघून हात हलवला, म्हणजे फोन ठेव, उशीर होतोय. लेकीनं फोन पर्समध्ये टाकला. तिचे डोळे भरले होते, पण काजळ जाईल म्हणून ती वर छताकडं बघत होती. हे तिला बसपर्यंत सोडायला निघाले. दोघं दाराबाहेर गेले, चपलांचा आवाज गल्लीत लांब गेला.

मी परातीपाशीच बसले होते. सासूबाईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली, दोरा सोडला, आणि माझ्याकडं न बघताच मला हाक मारली. माझ्या नावानं. आणि त्यांच्याही.

"च्या टाक गं अजून घोटभर," म्हणाल्या.

घरात आम्ही दोघीच होतो. "ओ," मी म्हटलं, आणि उठले.